खाडीतला पडाव

आमच्या माजिवड्याजवळ खाडी आहे, हे हल्ली मुद्दाम सांगावं लागतं. लोकांना माजिवडा म्हणजे उड्डाणपूल आणि घोडबंदरकडे नि नाशिककडे फुटणारे रस्ते, एवढंच ठाऊक. पण बाळकुमच्या अंगाने थोडं पुढे गेलं की तिवरं लागतात आणि तिवरांपलीकडे पाणी. राजमाचीकडच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथे येते ती खाडी होऊनच. पुढे वसईला समुद्राला मिळते. तिचाच एक चिंचोळा फाटा ठाण्याजवळून मुंबई बंदराकडच्या खाडीला जोडलेला आहे, म्हणून तर साष्टी हे बेट! पोरांना भूगोल शिकवताना मी हे बेट फळ्यावर किती वेळा काढलं असेल, त्याला गणती नाही.

तर या खाडीच्या काठाला, तिवरांत, एक लाकडी सांगाडा पडलेला आहे. भरतीला जेमतेम चार खुंट दिसतात. ओहोटी पूर्ण लागली की मात्र अख्खी बरगडी उघडी पडते. येणारे-जाणारे "जुनी होडी आहे" म्हणतात आणि पुढे जातात. माझ्या नातवाने पहिल्यांदा पाहिली तेव्हा "आजी, चाच्यांचं जहाज!" म्हणून ओरडला. मला मात्र एकच प्रश्न पडला. ही होडी कसली?

आता तुम्ही म्हणाल, मोडक्या होडीला जात कशाला हवी? पण मंडळी, आपल्या भाषेत होडीला एकच नाव कधी नव्हतं. मचवा, पडाव, गलबत, शिबाड, फत्तेमारी, तर, डोणी... मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात हे शब्द शोधत बसलं तर दुपार सरते. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही इथल्या होड्यांची वर्णनं आहेत. ज्या खाडीकाठी शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधली गेली, त्या भागात एवढे शब्द असणारच. घोड्याला, बैलाला आणि गाढवाला सगळ्यांना आपण नुसतं "जनावर" म्हणू लागलो तर कसं होईल? तसंच हे.

याच सुमारास माझ्या भाचीशी फोनवर बोलणं झालं. ती नेदरलँड्समध्ये असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे तर शेतात जहाजं सापडतात!" मला आधी थट्टा वाटली. पण गोष्ट खरी आहे. तिथे झाउडर झे नावाचा समुद्राचा एक उथळ आखात होता. १९३२ साली डच लोकांनी सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून त्याचं तोंड बंद केलं आणि पुढच्या काही दशकांत आतलं पाणी उपसून मोठाले भाग कोरडे केले. समुद्राच्या तळाची शेतं झाली. नांगर चालू लागले आणि चर खणले जाऊ लागले, तशी लाकडं लागू लागली. चारशेहून जास्त जुन्या जहाजांचे सांगाडे तिथे मिळाले. चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड शेकडो वर्षं टिकलं होतं.

त्या लोकांनी ते सांगाडे एकेक करून ओळखले. तळ सपाट आहे का, फळ्या एकमेकींवर चढवल्यात की कडेला कड भिडवल्यात, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या मोठ्या फळ्या लावायची सोय होती का, हे पाहिलं. त्यांच्या पारंपरिक शिडाच्या होड्यांना असे पंख असतात. उथळ पाण्यात खोल कणा चालत नाही, म्हणून वाऱ्याने होडी बाजूला सरकू नये यासाठी ते पंख पाण्यात सोडतात. शिवाय आत सापडलेली भांडी, अवजारं, नाणी आणि लाकडातली वर्तुळं. जिथे जहाज सापडलं तिथे शेताच्या कडेला निळ्या बोटीची खूण असलेले खांब उभे केलेत. भाचीने त्यांचे फोटो पाठवले. हिरवंगार शेत आणि त्यात हा खांब.

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्यांनी चारशे ओळखली, आपण एक तरी ओळखू!

एका रविवारी पूर्ण ओहोटीची वेळ पाहून आम्ही निघालो. मी बांधावर उभी, हातात वही. नातू गमबूट घालून खाली, हातात मोबाईल आणि गाठी मारलेली सुतळी. सोबत माझा एक जुना विद्यार्थी होता. तो बाळकुमचाच, आता स्वतः पन्नाशीचा, पण मला अजून "बाई" म्हणताना हात मागे बांधतो. सुतळीने मोजलं तर उरलेला भाग चाळीसेक फूट भरला. लाकूड सागाचं वाटलं. खिळे लोखंडी, गंजून फुगलेले. वर झाकण किंवा तक्तपोशी असल्याची खूण नाही. सगळं पोट उघडं. तळ बराच सपाट.

मग नातवाने दोन गोष्टी दाखवल्या. मधोमध तळाच्या जाड लाकडात एक चौकोनी खाच होती, डोलकाठीचं बूड बसवायची. म्हणजे हिला शीड होतं. पण त्या खाचेत फळीचा तुकडा ठोकून ती बुजवलेली! आणि मागच्या बाजूला दोन जाड लाकडं समांतर, त्यांत बोल्टची भोकं. ती इंजिनाची बैठक. म्हणजे एकाच होडीचे दोन जन्म झाले होते. आधी वाऱ्यावर, मग डिझेलवर.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे रेती. खाडीकाठचा आमचा चिखल लोण्यासारखा मऊ, त्यात खडा सापडायचा नाही. पण त्या बरगड्यांच्या बेचक्यांत मात्र जाड, खरखरीत रेती घट्ट बसली होती. नातवाने मूठभर वर आणून माझ्या तळहातावर ठेवली. काठावरची ती नव्हेच.

विद्यार्थी इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "बाई, आबांना विचारू या."

त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे. ऐकायला फार कमी येतं, त्यामुळे सगळं मोठ्याने बोलावं लागतं आणि तेही मोठ्याने उत्तर देतात. फोटो पाहिला आणि क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले, "ती होरी नाय, बाई. तो पराव हाय. रेतीचा पराव."

पराव म्हणजे पडाव. आगरी बोलीत ड चा र होतो, घोड्याचा घोरा होतो तसा. मी विचारलं, मचवा कशावरून नाही? तर त्यांनी दोन्ही हातांचे तळवे जोडून निमुळता आकार केला. हा मचवा, मासळीला, पळणारा. मग तळवे पसरून परातीसारखे केले. हा पडाव, माल वाहणारा. ओहोटीला चिखलात टेकला तरी कलंडत नाही, भरती आली की आपसूक उठतो. मला डच लोकांच्या सपाट बुडाच्या होड्या आठवल्या. दोन देश किती लांब, पण पाणी उथळ तर पोट सारखंच!

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवत एकेक भाग सांगितला. ही नाळ, पुढची. हे वाक, म्हणजे बरगड्या. आणि तळाचा कणा म्हणजे पठाण. "पठाण?" म्हणून नातू खो-खो हसला. आबाही हसले. मी वहीत लिहून घेतलं. उतारवयात शिकायला मिळालेले शब्द.

आधी हे पडाव माल वाहायचे, असं ते म्हणाले. मीठ, कौलं, विटा, लाकूडफाटा. मग रस्ते झाले, ट्रक आले. शीड उतरलं, इंजिन बसलं आणि इमारतींचे दिवस आले तसे पडाव रेतीला लागले. रेती काढायची ती डुबी मारून. खाडीत बांबू रोवायचा, त्याला धरून बादली घेऊन तळाशी जायचं, श्वास रोखून बादली भरायची, वरच्यांनी ती ओढून घ्यायची. दिवसभर हेच. मी विचारलं, किती खोल? ते म्हणाले, "दोन-तीन पुरुस. कवा जास्तच." मग स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाले, "हे त्याचंच."

खोलीत कोणी बोललं नाही. इतकी वर्षं ज्या ऐकू न येण्याला आम्ही सगळे म्हातारपण समजत होतो, ते त्या पडावाचंच होतं. मुलालाही ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढे सक्शन पंप आले. माणसाच्या बादलीचं काम यंत्र करू लागलं आणि खाडीचे काठ ढासळू लागले. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या वाळूउपशावर बंदी आणली. नंतर अटी घालून परवानग्या मिळू लागल्या, पण तोवर यांचे पडाव केव्हाच काठाला लागले होते. लाकूड विकलं जाईल तेवढं विकलं, उरलेलं चिखलाने ठेवून घेतलं. यांत्रिक उपसा वाईट होता यात शंका नाही. खाडीचा जीव जातो त्याने. पण बादलीने रेती काढणाऱ्याची बाजूही कुठेतरी लिहिलेली असावी, असं मला वाटतं.

निघताना मी विचारलं, एवढी रेती जायची कुठे? आबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "कुठं म्हंजे? तुमच्या घरान. तुमच्या शालंन पन."

आमची इमारत १९८८ सालची. ज्या शाळेत मी तेहेतीस वर्षं शिकवलं तिची नवी इमारतही त्याच सुमाराची. ज्या भिंतीवरच्या फळ्यावर मी उल्हास नदी काढत होते, त्या भिंतीत तीच नदी होती, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा श्वास होता.

डच लोकांना त्यांची जहाजं सापडली ती पाणी हटवून जमीन केली तेव्हा. आपणही तेच करतोय. फरक इतकाच की आपण वरून भराव टाकतो, त्यामुळे खाली काय होतं ते कोणालाच दिसत नाही. हा पडाव किती पावसाळे टिकेल, सांगता येत नाही. खांब उभारणं माझ्या हाती नाही. वही आहे. तीत मोजमाप, नातवाने काढलेले फोटो चिकटवलेले, आणि आबांनी सांगितलेले शब्द त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवलेत. पडावाचं नाव मात्र त्यांना आठवलं नाही. नाळेवर रंगाने लिहिलेलं असायचं, एवढं म्हणाले.

तुमच्यापैकी कोणाचं गाव खाडीकाठी असेल, घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर एकदा त्यांच्यापाशी बसा आणि काठावरच्या मोडक्या होडीकडे बोट दाखवून विचारा, ही कसली? जरा मोठ्याने विचारा. कदाचित त्यांनीही डुबी मारलेली असेल.