टेलवरची टिपणं

विडीचं पान कोरडं राहिलं की कातरीखाली तडकतं. म्हणून ते आधी भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ होऊ द्यायचं, मग पत्र्याच्या फर्म्यावर धरून कापायचं. सुपात तंबाखू, बोटाला दोरा, आणि दिवसाला हजार विड्यांचं लक्ष्य. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. अशा वेळी पिण्याच्या, स्वयंपाकाच्या पाण्याबरोबर पानांच्या पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

•

अक्कलकोट रोडला कुंभारीच्या माळावर विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं उभी राहिली. २००६ मध्ये चाव्या द्यायला मनमोहन सिंग आले. त्यानंतरचं रे नगर ३० हजार घरांचं. त्यातली पहिली १५ हजार १९ जानेवारी २०२४ ला नरेंद्र मोदींनी दिली. एका माळावर दोन पंतप्रधान. पण या टापूचा पाण्याचा भरवसा भीमेवर, आणि भीमेचा निर्णय होतो दोन-अडीचशे किलोमीटर वर.

•

कालव्याच्या भाषेत आम्ही टेलचे, शेवटच्या टोकाचे. हेडवाल्याचं भिजून उरलं तर टेलला. शहरासाठी भीमेवरच्या उजनी धरणातून नदीपात्रात पाणी सोडतात, ते औजच्या बंधाऱ्यात साठतं, टाकळीहून उचललं जातं. वाटेत वाळू पिते, ऊन पितं, मोटारी पितात. म्हणून तर उजनीहून थेट शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीचा एवढा घोष.

•

उजनीची टक्केवारी बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकते. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट); त्यातला उपयुक्त साठा साधारण ५४, उरलेला मृतसाठा. टक्के मोजतात ते उपयुक्तचे. त्यामुळे धरण ‘मायनस’मध्ये जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलेही ३२ टीएमसी संपले. याच धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजघर आहे. टेलवर त्याचं नाव कुणी काढत नाही. आमच्या पाण्याशी जिचा खरा संबंध, ती वीज घाटाखाली तयार होते.

•

लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी ही घाटमाथ्यावरची धरणं. इंद्रायणी, आंध्रा, मुळा यांचं पाणी. सरळ वाहिलं असतं तर भीमेत आलं असतं. टाटांनी ते अडवून पश्चिमेला, घाटाखालच्या वीजघरांकडे वळवलं: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीचा कडा सुमारे ५०० मीटरचा. एवढी उडी देशावर कुठे मिळणार? आज त्या गिरण्या नाहीत. पाणी मात्र वळलेलंच आहे.

•

मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे. जमिनीचे कागद बऱ्याच अंशी पुण्याच्या सावकारांकडे. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला चालत होता. फूट तिथेच पडली. बापटांनी पुढे रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच.

या लढ्याबद्दल सोलापुरात अभिमानाने बोलतात. पण तेव्हाही आणि नंतरही, ज्याची जमीन बुडाली तो आणि ज्याचं पाणी वळलं तो, असे दोघे एका मांडवात बसल्याचं ऐकिवात नाही. एकाचा अर्ज भूसंपादनाकडे, दुसऱ्याचा पाटबंधाऱ्याकडे. खाती दोन, म्हणून प्रश्नही दोन झाले.

•

कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने आकडा बांधून दिला: टाटा प्रकल्पांनी भीमा खोऱ्याबाहेर एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी नेऊ नये. सरासरी ४२ च्या वर. उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या पाऊण हिश्शापेक्षा जास्त.

वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून पाहिला. ५०० मीटरवरून एक टीएमसी सोडलं तर साधारण ३ कोटी ३० लाख युनिट. ४२ टीएमसीचे १४० कोटींच्या घरात. राज्यात वर्षभरात खपणाऱ्या विजेच्या एक टक्क्यातही हे बसतं. अर्थात ही वीज हवी तेव्हा मिनिटांत सुरू होते, संध्याकाळच्या मागणीला आणि मुंबई अंधारात जाऊ नये म्हणून तिची किंमत जास्त. ते मान्य. पण विजेला पर्याय शोधता येतो. औजच्या बंधाऱ्यात सौर पॅनल लावून पाणी येत नाही.

•

‘टाटांचं पाणी पूर्वेला वळवा’ ही घोषणा सोपी. वीजघरातून सुटलेलं पाणी वाया जातं असं नाही. भिवपुरीखालचं उल्हास नदीत जातं, त्यावर बदलापूर-अंबरनाथकडची वस्ती पाणी पिते. खोपोलीचं पाताळगंगेत, भिऱ्याचं कुंडलिकेत. तिथे गावं, कारखाने. शंभर वर्षांत तिथेही एक टेल तयार झाली आहे. आपली तहान त्यांच्या दारात नेऊन ठेवायची असेल, तर त्यांच्याशी आधी बोलावं लागेल.

•

उजनीचे विस्थापित करमाळ्यात, इंदापुरात, दौंड-कर्जतकडे. धरणाचं काम साठच्या दशकात सुरू झालं, राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. बरेचजण आता बॅकवॉटरच्या काठी ऊस-केळी करतात. पाणी ओसरलं की मोटार पुढे सरकवायची, पाइप जोडायचा, केबल वाढवायची, चिखलातून रोज थोडं आत. आणि साठा घटला की प्रशासन त्यांची वीज कमी करतं, उपसा थांबावा म्हणून. गाव बुडालं धरणात, आणि आता बटणही बंद. टेलवरून आम्ही म्हणतो, ‘वरचे पाणी चोरतात.’ ते म्हणतात, ‘आमच्या गावावर उभं पाणी आमचं नाही?’ दोघांचं खरं आहे.

•

२०२१. उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी देण्याचा आदेश. कागदावर नाव ‘सांडपाणी’, पुण्याकडून येणारं. सोलापूरचे तेव्हाचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे स्वतः इंदापूरचे आमदार. सोलापूर पेटलं, मे महिन्यात आदेश रद्द झाला. पाच टीएमसीसाठी जिल्हा रस्त्यावर येतो. बेचाळीससाठी दरवर्षी एखादं निवेदन.

•

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्याशी करार केला: शिरवटा १८०० आणि भिवपुरी १००० मेगावॉट, उदंचन पद्धतीने. तेच पाणी खाली सोडायचं, स्वस्त विजेच्या वेळी पुन्हा वर चढवायचं. वर चढवता येतं तर मग खाली जाऊन परत न येणाऱ्या पाण्याचा हिशेब नव्याने मांडायला हीच वेळ योग्य.

•

समजा, पाणी पूर्वेला आलंच. कुंभारीला मिळेल? आधी ऊस आहे. आवर्तन कधी, किती, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे मंत्री, आमदार, कारखानदार. विडी वळणारी बाई तिथे नाही, आणि मुळशीचा धरणग्रस्तही नाही.

•

स्थानिक पेपरात उजनीच्या टक्केवारीची चौकट रोज येते. त्यात एक ओळ वाढवा: काल घाटाखाली किती पाणी गेलं. लवादाची मर्यादा पाळली गेली की नाही, हे मग चहाच्या टपरीवरसुद्धा तपासता येईल. आणि आमदाराला विचारायचा प्रश्न आयता तयार राहील.