आई माकडांचं सांगत होती

आईला त्या डॉक्टरांनी ज्या पद्धतीने गप्प केलं, त्याचा राग मला इतक्या वर्षांनीही येतो.

बांद्याच्या बाजूला आमची काजूची बाग आहे. २०१७ चा हंगाम होता. मार्चात बी गोळा करायची घाई असते, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाबा एका दुपारी बागेतून आले ते थंडीने कुडकुडतच. रात्री ताप सडकून चढला. कपाळ ठणकत होतं, कंबर आणि पाय असे दुखत होते की ते अंगाला हात लावू देईनात. सकाळी डोळे लालबुंद, वर उलट्या. आम्ही त्यांना खासगी दवाखान्यात दाखल केलं.

डॉक्टर तपासत असताना आई म्हणाली, ‘‘डॉक्टरांनू, आमच्या बागेत माकडां मरान पडली हत.’’ तिने हे उगाच म्हटलं नव्हतं. वरच्या अंगाला दोन-तीन दिवस कुजका वास येत होता, गड्याने जाऊन पाहिलंही होतं. शिवाय आदल्या वर्षी दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसं दगावली होती, ते तिच्या कानावर होतं. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, ‘‘मावशी, माकडांचं राहू दे. आधी यांचा ताप बघूया.’’ शेजारची नर्स हसली. आई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा ‘‘तुम्ही बाहेर बसा’’ असं उत्तर मिळालं.

कागदावर आधी डेंग्यू लिहिलं, मग लेप्टो. लेप्टो आमच्याकडे आहेच, त्यातही डोळे लाल होतात आणि पोटऱ्या दुखतात. पण तो भातशेतीच्या चिखलपाण्यातला, पावसाळ्यातला आजार. मार्चात आमच्याकडे चिखल कुठला? प्लेटलेट उतरल्या होत्या, पांढऱ्या पेशीही कमी होत्या, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. पुढे ताप उतरला आणि बाबांना घरी सोडलं.

आठवडाभर बाबा बरे होते. पेज खात होते, ओटीवर बसत होते. मग डोकं पुन्हा दुखायला लागलं, ताप परतला, हात थरथरू लागले आणि एका संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं नाही. माकडतापाच्या काही रोग्यांमध्ये असंच होतं. मधे बरं वाटतं आणि दुसऱ्या फेरीत आजार मेंदूकडे वळतो. हे आम्हाला घरी सोडताना कुणीतरी सांगायला हवं होतं.

या वेळी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गाव विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न केला, ‘‘रानात, काजूत जाता? माकड मेलेलं दिसलं का?’’ आई माझ्याकडे बघत राहिली. रक्ताचा नमुना पाठवला आणि अहवाल माकडतापाचाच आला.

नंतर मी या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं, तेव्हा राग वाढलाच. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो मेलेल्या माकडांमुळेच. माकडं मरताहेत म्हटल्यावर आधी पीतज्वराची शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, माकडाच्याच शरीरातून हा विषाणू वेगळा काढला. शास्त्रज्ञांना जो धागा मोलाचा वाटला, तोच आई हातात देत होती.

बाबा वाचले, त्यांना सावरायला मात्र पावसाळा उजाडला. मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, आधी कळलं असतं तर काय फरक पडला असता? त्या स्पष्ट म्हणाल्या, या रोगावर खास औषध नाही. सलाइन, रक्तस्रावावर लक्ष, एवढंच करता येतं. ते ऐकून त्या पहिल्या डॉक्टरांवरचा राग थोडा निवला. दिवसाला पन्नास ताप बघणाऱ्या माणसाला एक वेगळा ताप कसा दिसावा, असंही वाटलं.

पण बाबा दवाखान्यात असताना आमचा गडी त्याच बागेत रोज बी वेचत होता. हा रोग गोचिडी चावल्याने होतो, आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पाचोळ्यात उतरतात. त्यांची पिल्लं तिळापेक्षाही बारीक, चावलेली कळतही नाहीत. गड्यालाही ताप आला. पहिल्याच दिवशी आईचं ऐकलं असतं, तर त्याला आम्ही बागेत पाठवलंच नसतं. हे आठवलं की समजूतदारपणा टिकत नाही.

आणखी एक सांगते. हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. तरी वाडीतली माणसं आमच्या अंगणात यायची बंद झाली होती.

डिसेंबर ते मे या काळात रानात, काजूत वावरणाऱ्याला एकाएकी जोराचा ताप, कपाळदुखी, अंगदुखी, लाल डोळे असं झालं, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी रानात गेल्याचं आणि माकड मेल्याचं सांगा, थांबवलं तरी पुन्हा सांगा. ताप उतरल्यावरही दोन-तीन आठवडे माणसावर नजर ठेवा. मेलेल्या माकडाला हात लावू नका, पुरायलाही जाऊ नका. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा आणि त्या जागेकडे कुणालाही फिरकू देऊ नका.