हक्काची सुट्टी आणि कान्हेरीची वाट

आपल्या वस्तीत सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न खर्चाचा येतो आणि दुसरा उपयोगाचा. "एवढ्या पैशात पोरांच्या वह्या येतील," असे कोणीतरी म्हणते आणि बैठक तिथेच मोडते. मी एका कचेरीत कारकून आहे, बी.कॉम. झालो तो हिशेब शिकतच. तेव्हा पैशाची ओढाताण मलाही कळते. पण काही खर्च जमेच्या बाजूला लिहावे लागतात, हे मी मीरा-भाईंदरमधल्या आपल्या बांधवांना सांगत आलो आहे. बायकामुलांसह एखादा रविवार जंगलात पायी फिरणे हा त्यातलाच एक खर्च.

आपल्याला सुट्टी मिळते ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखाना कायद्यात १९४५ साली झालेल्या दुरुस्तीने कामगाराला पगारी रजा मिळाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. म्हणजे आठवड्याचे सहा तास मजुराला परत मिळाले. त्या तासांचे आपण काय करतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. पुरुषमंडळींचा रविवार झोपेत आणि मोबाइलमध्ये जातो. बाईच्या वाट्याला तर रविवार म्हणजे सोमवारपेक्षा मोठा धुण्याचा ढीग. सुट्टी मिळाली, पण ती अजून आपल्या घरात सगळ्यांना सारखी वाटली गेलेली नाही.

सहल ही श्रीमंतांची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांना मी १९३४ सालची गोष्ट सांगतो. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, हे ठरलेले होते. सुमारे ३० जण निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून दरवाजाजवळच्या हौदावर काही जणांनी तोंड-हातपाय धुतले. तेवढ्यावरून 'हौद बाटवला' असा आरडाओरडा झाला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आत सोडले, आणि लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. ज्यांना सहलीतही पाण्यापाशी अडवले गेले, त्यांच्या नातवंडांनी आज मोकळेपणाने डोंगरावर जाऊन लेणी पाहणे याला मी चैन म्हणणार नाही.

आपल्याला तर लांब जायचीही गरज नाही. भाईंदरहून लोकलने मीरा रोड, दहिसर आणि तिसरे स्टेशन बोरिवली. पूर्वेला उतरून थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच्याच कुशीत आहेत. दरवाजापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर. बसही जाते, पण पाय धड असतील तर एकवेळ तरी चालत जावे. रस्ता चांगला आहे, झाडांची सावली आहे. लहान मुले बरोबर असली तर दोन तास धरावेत.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच कुटुंबे मिळून गेलो. आमच्या चाळीतल्या एक मावशी सत्तरीच्या आहेत, मूळच्या बीडकडच्या. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "रानात मोळीला जायचं असतं बाबा. फिरायला काय जायचं?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या आई-आजीला जंगल माहीत होते ते डोक्यावरच्या ओझ्याने. पायात काटा, पोटात भूक आणि रखवालदाराची भीती. अशा जंगलात कोणी हौसेने जाते हे त्यांना पटावे कसे? नातीने हट्ट धरला म्हणून त्या आल्या.

आणि वाटेत त्याच आमच्या मास्तर झाल्या. आम्हा शिकलेल्यांना झाड म्हणजे झाड. मावशी पान हातात घेऊन सांगत होत्या: हा पळस, याच्या पत्रावळी लावतात, हा मोह, हा करंज, याच्या तेलाचा दिवा. एका उतारावर कारवीची दाट झाडी होती. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. या उद्यानात ती २०१६ साली फुलली होती, नंतर २०२४ साली. डोंगरउतारावर जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा होतो. आदिवासी बांधव हिच्या काठ्यांचे कूड करतात आणि शेणमातीने लिंपून भिंत उभी करतात. हे ऐकून आठवीतली एक मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हाला हे सगळं येतं, मग तुम्ही अडाणी कशा?" मावशी काही बोलल्या नाहीत, पण चाल मात्र ताठ झाली.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि ते पुढे सुमारे हजार वर्षे चालू राहिले. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठा चैत्य. लांबी सुमारे ८६ फूट, आत ३४ खांब आणि टोकाला स्तूप. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना भगवान बुद्धांच्या वीस फुटांहून उंच उभ्या मूर्ती. त्यांच्यासमोर गेल्यावर आमची दंगेखोर पोरेही आपोआप गप्प झाली.

पण मुलांना मी चैत्यापेक्षा पाण्याची टाकी अधिक वेळ दाखवली. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःचे टाके आहे. पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून कातळात पन्हळी खोदून ते टाक्यात उतरवले आहे. भिक्खू वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, एका जागी राहत. पुढे तर इथे बारमाही वस्ती झाली. निजायला दगडी ओटा, बाहेर बसायला बाक, शेजारी पाणी. तंबू ठोकणाऱ्या आजच्या गिर्यारोहकाला जे लागते ते सगळे इथे दोन हजार वर्षांपूर्वी विचार करून केलेले आहे.

आणि हे केले कोणी? भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले प्राकृत लेख आहेत. त्यात व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, कल्याणचा लोहारही आहे. कल्याणच्याच एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिले. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतल्या कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून हा डोंगर घडला. सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला आणि तिथेच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे सोपारा आणि कान्हेरी यांच्या मधल्या पट्ट्यात आज आपण भाड्याच्या खोल्या घेऊन राहतो आहोत. आपण या भागात उपरे आहोत, असे ज्या मुलाला शाळेत कोणी ऐकवले असेल, त्याने एकदा या डोंगरावर उभे राहावे.

टाक्याजवळ बसून आम्ही भाकरी सोडली. मावशींनी विचारले, "हे पाणी कोण पीत होतं?" मी म्हणालो, भिक्खू आणि येणारे-जाणारे वाटसरू. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग नातीला सांगू लागल्या, की लहानपणी गावच्या विहिरीवर घागर घेऊन त्या काठाला बसायच्या. कोणी वरून पाणी घालील तेव्हा घरी जायचे, नाही घातले तर तशीच रिकामी घागर घेऊन जायचे. नातीने हे कधी ऐकलेले नव्हते. तिच्या वडिलांनीही नव्हते. घरात दोन खोल्या, सहा माणसे आणि चालू टीव्ही. तिथे अशी गोष्ट निघणार कधी? त्या दिवशी निघाली, कारण सगळे दमून एका जागी बसलेले होते आणि कोणालाही कुठे जायचे नव्हते.

आता चार गोष्टी स्पष्ट सांगतो. कान्हेरी हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे. लेण्यांत मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका. काजळीने दगड खराब होतो. वंदना करायला दोन हात आणि मन पुरे. नव्वदाव्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. ते पाहून आमच्या एका मुलाने खिशातून किल्ली काढली होती! आज असे करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

तंबूत रात्र काढायची हौस तरुणांना असते. ती वनखात्याची परवानगी घेऊन, त्यांनी नेमून दिलेल्या जागीच भागवावी. लेण्यांत मुक्काम नाही, जंगलात विस्तव नाही. इथे बिबटे आहेत. दिवसा घोळक्याने चालावे, लहानांना मध्ये ठेवावे, संध्याकाळ व्हायच्या आत परत फिरावे. माकडांसमोर खाऊ हातात धरू नये. सोमवारी उद्यान बंद असते. पाणी भरपूर न्यावे आणि रिकाम्या बाटल्या घरी आणाव्यात.

आणि एक शेवटचे, पुरुष वाचकांसाठी. सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून पंधरा माणसांच्या भाकऱ्या एकट्या घरधनिणीने थापायच्या असतील, तर ती सहल तिची नव्हे. आम्ही ठरवून टाकले: चटणी एका घरची, भाकरी दुसऱ्या घरची, उकडलेली अंडी आणि केळी पुरुषांनी आणायची, आणि आल्यावर डबेही त्यांनीच घासायचे. पहिल्या वेळी कुरकुर झाली, दुसऱ्या वेळी झाली नाही.

वर्षावास संपला की थंडी येते. प्रत्येक विहार समितीने त्या दिवसांतला एक रविवार आतापासून राखून ठेवावा. ज्यांना चालवत नाही त्या वडीलधाऱ्यांना बसने न्यावे, पण न्यावे. त्यांना सांगायचे पुष्कळ आहे, आणि दिवस थोडे आहेत.