कॉक बंद केला का?

मोटो गुझी या इटालियन कंपनीच्या काही मोटरसायकलींना विजेवर चालणारा पेट्रोल कॉक असायचा. चावी फिरवली की कॉइलला १२ व्होल्ट मिळणार, आतला दट्ट्या उचलला जाणार, पेट्रोल सुरू. चावी काढली की स्प्रिंगने बंद. डोक्याला तापच नाही! तरीही अनेक मालकांनी तो काढून साधा, हाताने फिरवायचा कॉक बसवला. कारण कॉइल जळली किंवा वायर तुटली, तर टाकी फुल्ल असूनही गाडी रस्त्यात उभी!

आपल्याकडच्या कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच गाड्यांना हा साधाच कॉक. आमचे बाबा रोज रात्री गाडी लावली की वाकून तो बंद करायचे. फ्लोटची सुई नीट बसली नाही तर रात्रभर पेट्रोल गळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

म्हणजे मित्रांनो, भानगड दोन्हीकडे आहेच. विजेचा कॉक आपला विसरभोळेपणा सांभाळून घेतो. पण रुसला की आपण हात टेकायचे. साधा कॉक विसरणाऱ्याला माफ करत नाही. पण अडला तर रस्त्यावरच पाना-पक्कड घेऊन बसता येतं. मला विचाराल तर मी साधाच घेईन. बिघाड टाळणं हे डिझाइन खरंच, पण कुठला बिघाड आपल्याला झेपेल हे ठरवणं, हेही डिझाइनच. व्हायव्हात हे कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिलं!