निळज्याची वाट

गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने आम्हाला एक कॅलेंडर पाठविले. बारा महिन्यांची बारा चित्रे, आणि सगळी तिकडच्या खेड्यांची. दगडी घरे, घरांवर चढलेल्या वेली, एक जुने चर्च, आणि मे महिन्याच्या पानावर एक तळे. तळ्यात बदके, काठाला बाक, बाकावर एक म्हातारा. आमच्या सौ.ना ते पान इतके आवडले की जून उजाडला तरी ते उलटायला तयार होईनात. "एकदा तरी असल्या गावात चार दिवस राहायला मिळाले पाहिजे," असे त्या म्हणत, आणि मी मुकाट्याने चहा पीत असे. प्राध्यापकाच्या पगारात चार दिवसांचे इंग्लंड बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

आम्ही डोंबिवलीकर. आमचा एक दृढ समज आहे की, जग हे रेल्वेच्या रुळांच्या दोन बाजूंना वसलेले असून त्यांची नावे पूर्व आणि पश्चिम अशी आहेत. गाडी ठाण्याला पोहोचली 16 एप्रिल 1853 रोजी, पुढल्या वर्षी 1 मे 1854 ला ती कल्याणपर्यंत आली. मधल्या भातखाचरांतून ती धूर सोडीत जात असे. पुढे त्याच खाचरांत गिरगाव-दादरला जागा न परवडलेली माणसे येऊन राहिली. पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली ही आमच्या लेखी रिक्षाच्या थांब्यांची नावे. ती मुळात गावे आहेत, त्यांना गावदेवी आहे, तिथे आपल्या आधीपासून माणसे राहत आहेत, हे आम्हाला गणपतीत मिरवणूक आडवी आली म्हणजेच आठवते.

असो. सांगायचे आहे ते वेगळेच.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात महदंबेचे 'धवळे' शिकवीत होतो. महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी तिने रुक्मिणीच्या विवाहाची ही गाणी रचली. मी नेहमीच्या उत्साहात सांगत होतो की, धवळे म्हणजे लग्नात गायची गीते, हा प्रकार आता फक्त ग्रंथांत उरला आहे. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, माझी आजी धवला बोलते. धवलारीण आहे ती."

वर्गात हशा पिकला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "धवला नव्हे, धवळा. आधी 'ळ' म्हणायला शिका, मग साहित्याकडे वळू." आणखी थोडा हशा झाला. मुलगी बसली. त्यानंतर अडीच वर्षांत तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. मला ते जाणवलेही नाही. शांत बसणारा विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाला खटकला आहे?

यंदा एप्रिलमध्ये ती मुलगी प्राध्यापकांच्या खोलीत आली आणि तिने लग्नाची पत्रिका माझ्यापुढे ठेवली. लग्न तिच्या भावाचे होते. "सर, हळदीला या. मॅडमना पण घेऊन या. आजी धवला..." इथे ती क्षणभर थांबली, आणि अगदी जपून म्हणाली, "धवळे म्हणणार आहे."

त्या थांबण्याने मला तीन वर्षांपूर्वीचा तो तास जसाच्या तसा आठवला.

पत्रिकेवर गाव होते निळजे. दिव्याहून पनवेलला जाणाऱ्या रेल्वेवर दातिवली सोडले की निळजे स्टेशन लागते, परंतु त्या मार्गावर गाड्या मोजक्याच. आम्ही आपली रिक्षा केली. मानपाड्यावरून कल्याण-शीळ रस्त्याला लागलो, काटई मागे टाकले. पूर्वेला मलंगगडाचा सुळका संध्याकाळच्या उन्हात तांबूस दिसत होता. त्याच्या अलीकडे पलावाचे उंचच उंच मनोरे उभे. रिक्षावाल्याने विचारले, "पलावात कुठला टॉवर?" मी म्हणालो, "टॉवर नाही, गाव." त्याने आरशातून आमच्याकडे एकदा निरखून पाहिले.

गाव मात्र जागेवर होते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरे. कुठे उतरत्या कौलांचे जुने घर, ओटीवर झोपाळा, आणि त्याला अगदी चिकटून चार मजल्यांचा नवा बंगला. आणि तळे! वैशाखात पाणी आटले होते, काठावर चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली होती. त्या पट्टीवर बगळे एकेका पायावर उभे होते. पलीकडे मनोऱ्यांच्या खिडक्यांतून दिवे लागू लागले होते आणि त्यांची रांग पाण्यात उतरली होती. सौ. उभ्याच राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "घरापासून हे इतके जवळ होते?"

मुलीचे वडील सामोरे आले. शेतकरी, पण आता शेत अर्ध्या एकरावर आलेले. हळदीची गडबड सुरू व्हायला अवकाश होता, तेव्हा त्यांनी आम्हाला बांधावर नेले. पुढच्या पेरणीसाठी राब भाजून झाला होता, जमिनीवर त्याचा काळा चौकोन दिसत होता. पाला, शेण, काटक्या पसरून जमीन भाजायची, पहिल्या पावसावर त्यात भाताचे बी टाकायचे, आणि महिन्याभराने रोपे उपटून चिखलात लावायची. भात कापले की उरलेल्या ओलीवर वाल. खाडीकाठच्या आगऱ्यांचा दुसरा धंदा मिठाचा. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असे सांगतात. मी हे वर्गात शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी कितीदा तरी सांगितले असेल. आगऱ्याच्या बांधावर उभा राहिलो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

"बाकीचं विकलं," ते म्हणाले. "पोरांची शिक्षनं, घर, ही गारी." अंगणात पांढरी मोटार उभी होती. आवाजात ना अभिमान होता ना रडगाणे. "आमचं गाव बसल्या जागी फिरतंय, सर. 1983 ला सत्तावीस गावं महापालिकेत घातली. 2002 ला बाहेर काढली. 2015 ला परत आत. आमी कंदी घर सोडलं नाय, पन पत्ता बदलतोय." मी हसलो, तेही हसले. मग त्यांनी वाकून राबाची मूठभर राख उचलली, बोटांनी चुरली, आणि परत तिथेच टाकली. "हा तुकडा आई हाय तवर ठेवनार," एवढेच म्हणाले.

घरी परतलो तर अंगणात मांडव भरला होता. एका कोपऱ्यात बेंजोवाले आपली वाद्ये लावीत होते, दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या उंचीचे ध्वनिवर्धक. चुलीवर वडे तळले जात होते, मटणाचा वास दरवळत होता. सौ. शाकाहारी आहेत हे मुलीने घरात आधीच सांगून ठेवलेले. त्यांच्यासाठी वेगळे वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी आली. भाकरी इतकी पातळ आणि पांढरी की, सौ.नी ती कशी थापतात हे विचारून घेतले, आणि घरी आल्यावर तीनदा प्रयत्न करून सोडून दिले.

आजी आतल्या खोलीत चौरंगापाशी बसली होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे, वय ऐंशीच्या पुढे. मी वाकून नमस्कार केला.

"बसा मास्तर. पानी पिया. आमची भाशा तुमाना समजंल ना?"

मराठी शिकवून वीस वर्षे पगार घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न! पण विचारणे रास्तच होते. मी म्हणालो, "समजेल, आजी. नाही समजले तर विचारीन."

नवरदेवाला चौरंगावर बसविले आणि आजीने सुरुवात केली. साथीला वाद्य नाही. एक ओळ ती म्हणे, मागे बसलेल्या दोघी-तिघी ती उचलून धरीत. मांडव घालण्यापासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा धवला. देवांना आमंत्रण, पूर्वजांना आमंत्रण, हळद कोणी दळली, पाणी कुठून आणले, सगळे गाण्यातून. "आमच्या आयांच्या काली भटजी मागून आले," आजीने मधल्या विसाव्यात सांगितले, "लगीन धवल्यानंच लागाचं." वारल्यांमध्येही धवलेरी हीच लग्न लावते, हे मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकात वाचलेले समोर बसून गात असले म्हणजे माणूस फार लहान होतो.

आणि तेवढ्यात बाहेर ध्वनिवर्धक सुरू झाले. जमीन हादरली. आजीचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मागच्या बायका उठून नाचायला गेल्या. आजी थांबली नाही. पण तिची नजर आपल्या ओळी उचलणारे कोणी उरले आहे का, हे शोधीत होती.

तेव्हा माझी विद्यार्थिनी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि ओळ उचलू लागली. स्वच्छ, मोकळ्या आवाजात, प्रत्येक 'ळ'चा 'ल' करीत. अडीच वर्षे वर्गात मी हा आवाज ऐकलाच नव्हता. तो ऐकू येऊ नये याची व्यवस्था मीच केली होती.

विधी आटोपल्यावर मी आजीला विचारले, "हे लिहून घेऊ का?" ती म्हणाली, "लिवा. पन मी मेल्यावर कागद बोलल का?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ग्रियर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात, 1905 साली, आगरीची नोंद केली आहे. भाषा कागदावर सव्वाशे वर्षे सुखरूप आहे. वर्गात तिला पाच मिनिटे उभे राहू देणे तेवढे आम्हाला जमले नाही.

तरी वही काढली. पहिल्या ओळीवर मथळा लिहिला: 'धवळा'. वीस वर्षांची सवय. मुलगी खांद्यावरून पाहत होती. ती काही बोलली नाही. मी 'ळ' खोडला आणि 'ल' लिहिला. मग म्हणालो, "त्या दिवशी वर्गात मी चुकलो होतो. तू बरोबर म्हणाली होतीस."

"राहू दे हो, सर," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "वही माझ्याकडे द्या. तुम्हाला आजीचा वेग झेपणार नाही." खरेच झेपला नसता.

त्या वहीत आता बावीस धवले झाले आहेत. दर रविवारी ती उतरून घेते, आणि मुख्य म्हणजे आजीकडून पाठ करते. यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात महदंबा मी शिकविली नाही. ती या मुलीने शिकविली, आजीच्या चालीवर. एक मुलगा हसला. बाकीचे हसले नाहीत.

कॅलेंडर अजून भिंतीवर आहे, मे महिन्यावरच. परंतु त्या इंग्रजी तळ्यावर आमच्या सौ.नी निळज्याच्या तळ्याचा फोटो चिकटविला आहे. पाऊस झाल्यावर त्या पुन्हा जाऊन आल्या. म्हणाल्या, राबाच्या चौकोनात आता हिरवी रोपे आहेत.