दोन आसनांची मोटार

पक्षकारांस कायदा सांगणे सोपे. तोच आपल्या हौसेस सांगणे किती कठीण, हे आम्हांस मंठाळात एका मोटारीने शिकविले.

गोमंतकात बांधलेली ‘सॅन स्टॉर्म’ १९९८ साली बाजारात आली. अंग काचतंतूंचे, इंजिन रेनो जातीचे, सुमारे बाराशे घनसेंटिमीटरचे, छत काढता येणारे, आसने दोनच. अशी एक जुनी मोटार आम्ही घेतली. खेळाच्या मोटारीच्या धर्माप्रमाणे ती बसकी. बसवकल्याणच्या वाटेवरील गतिरोधकांवरून अंग चोरूनच न्यावी लागे.

पूजा झाली, चाकांखाली लिंबे फुटली. तेव्हा आई सहज म्हणाली, “मी कुठं बसू रे, बाळा?”

तो प्रश्न मनात सलत राहिला. कारागिराने तोडगा काढला : “वकीलसाहेब, अंग मागून कापू, बैठक वाढवू, इंजिनही मोठं घालू.” मन मोहरले. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आड आले. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निक्षून सांगितले आहे. दुसऱ्यास जे सांगण्याचे आम्ही शुल्क घेतो, ते स्वतःस फुकट सांगावे लागले.

पुढे तुळजापूरला निघालो. आई आमच्या शेजारी बसली. पत्नी व चिरंजीव बसने आले. मोटार होती तशीच राहिली. बसण्याचा क्रम तेवढा बदलला.