मुळशी ते मुरगाव : भाग दुसरा

षष्ठी, पौड

गेल्या भागात आपण बोटीच्या तिकिटांपर्यंत आलो होतो. आता बॅगा भरून झाल्यात आणि भांडण सुरू झालंय. भांडण कशावरून, तर बोट गोव्यात थांबेल तेव्हा कुठल्या किनाऱ्यावर जायचं.

पौडात राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाची खरं तर सवय हवी. पावसाळ्यात दर रविवारी आमच्या दारासमोर गाड्या थांबतात, काच खाली होते आणि आतून विचारणा होते, "काकू, जवळपास धबधबा कुठला? संध्याकाळी पुण्यात परत जायचंय." मी इमानदारीत जवळचं ठिकाण सांगते. मंडळी मान डोलावतात आणि सरळ ताम्हिणीला जातात, कारण मोबाइलवर त्यांनी ताम्हिणीच पाहिलेली असते. संध्याकाळी पिरंगुटच्या रांगेत तीच गाडी, आतली पोरं पेंगलेली, काच बंद.

आता ती गाडी आम्ही. भाच्याला बागा-कळंगुट हवंय. दादाला मिरामार, कारण शाळेच्या सहलीत तिथं त्याची टोपी उडाली होती (हे पन्नास वर्षांत किमान शंभरदा ऐकलंय). वहिनींनी कुणाच्या तरी फोटोत पाळोळे पाहिलंय. यांचं म्हणणं, बोटीवरच बसावं, भाडं भरलंय.

आमचा नेहमीचा समुद्र म्हणजे दिवेआगर. ताम्हिणी उतरायची, निजामपूर, माणगाव, म्हसळा, की सुरूच्या झाडांखाली गाडी. तिथं कुणी भोंगा वाजवून बोलावत नाही. गोव्यात मात्र बोट अकराला लागणार, साडेअकरापासून माणसं उतरवणार आणि साडेपाचला शेवटचा माणूस आत घेणार. म्हणजे किनारा नव्हे, घड्याळ निवडायचंय. हे मी जेवताना म्हटलं. कुणीच लक्ष दिलं नाही.

सप्तमी, मुंबई आणि पुढं

आज रथसप्तमी. पहाटे अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातलं दूध उतू घालवलं आणि सहाला निघालो. संक्रांतीपासून चाललेलं हळदीकुंकू आज संपतं, पण वहिनींची दोन वाणं उरली होती. ती त्यांनी बॅगेत टाकली. बोटीवर बायका भेटतीलच, म्हणाल्या.

बॅलार्ड पियरला आधार कार्ड दाखवायचं, बॅग यंत्रातून काढायची, पुन्हा रांग, पुन्हा आधार कार्ड. मग प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकचं कार्ड देतात. खोलीची किल्ली तेच, दुकानातलं पाकीट तेच, आणि बंदरात उतरून परत चढायचं तेही त्याच्यावरच. "हे हरवू नका," असं तिथल्या मुलीनं प्रत्येकाला सांगितलं. मी तेच कार्ड कुठं विसरले, ते पुढं येईलच.

पाचला बोट सुटली. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या बोलण्यातली कोकण बोट आठवली. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, बंदरं घेत घेत जायची. खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. लुगड्याचा ओचा सावरत, पोर काखेत मारून पडावात उतरायचं. पावसाळ्यात बोट बंद. सासूबाईंना आयुष्यभर बोट लागत होती, तरी माहेरी जायचं म्हटलं की त्या आधी जाऊन बसायच्या. किनारा निवडायचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. जिथं माहेर, तो किनारा.

सातच्या सुमारास आम्ही वरच्या मजल्यावर होतो. डावीकडे लांबवर दिव्यांची ओळ. हे म्हणाले, अलिबाग मागं पडलं, आता रेवदंड्याच्या आसपास असू. मग आम्ही दोघंही गप्प झालो. मुळशीकराला रेवदंड्याचं नाव उगाच येत नाही. मुळा-नीळेचं पाणी खरं म्हणजे पूर्वेकडे जायचं. भीमेतून कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात. टाटांनी धरण बांधलं, ते पाणी डोंगरातून पलीकडे काढलं, भिऱ्याला खाली सोडून वीज केली. ते वीजघर १९२७ पासून चालतंय. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत जातं आणि कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला मिळते. ज्या पाण्याखाली आमच्या लोकांची शेतं गेली, ज्याच्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह चालवला, ते पाणी आमच्या कितीतरी आधी या समुद्रात येऊन पडलंय. भाचा म्हणाला, "आत्या, म्हणजे आपण आपल्याच पाण्यावर तरंगतोय?" मी म्हटलं, थोडंसं.

जेवताना पुन्हा किनारा. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब कळंगुटला निघालेलं, आमच्या भाच्याला जोर चढला. मी कागद घेतला आणि मांडला. उतरायच्या रांगेत तासभर धरा, बंदराच्या फाटकाबाहेर पडायला साडेबारा. परत फाटकात पाच. हाती साडेचार तास. कळंगुटला जायचं तर झुआरी ओलांडायची, मग पणजीशी मांडवी, मग पुढची गर्दी. दोन्ही नद्यांवर आता मोठे नवे पूल आहेत खरे, तरी जाऊन-येऊन अडीच ते तीन तास गाडीतच. उरला दीड तास, त्यात जेवण. पाळोळे तर काणकोणात, गोव्याच्या पार दक्षिण टोकाला. ते वहिनींनी स्वतःच खोडलं. मिरामार जमलं असतं, पण तिथं बोटीचीच बस जाणार होती, म्हणजे बोटीतलीच माणसं वाळूवर बघायची.

मग बंदराच्या बाजूचे किनारे काढले. मुरगाव बंदर वास्कोला. बायणा अगदी पाठीशी, दहा मिनिटांवर. बोगमाळो दाबोळी विमानतळाच्या पलीकडे, नऊ-दहा किलोमीटर. त्याच्या खाली वेळसांवपासून आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा करत मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर एकसलग वाळू. गोव्यात बागा सोडून एवढं आहे, हे भाच्याला पहिल्यांदाच कळलं.

शेवटी मी पर्समधून कालनिर्णय काढलं. हे हसले. पण कोकणातला हिशेब साधा आहे आणि तो सासूबाईंचा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. उद्या अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. गोव्यात अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं. शिवाय अष्टमी म्हणजे भांग. उधाण नाही, पाणी फार चढत-उतरत नाही. बोगमाळोसारख्या लहान किनाऱ्याला पूर्ण भरतीत वाळू उरत नाही. पण उद्या आम्ही पोहोचू तेव्हा ती उघडी असणार. बोगमाळो ठरलं. दादानं टोपीची गोष्ट पुन्हा सांगितली आणि झोपायला गेला.

अष्टमी, बोगमाळो

सकाळी किनाऱ्याआधी डोंगर दिसला, मग क्रेन, मग कोळशाचे ढीग. मुरगाव हे कामाचं बंदर आहे. पत्रकावर नारळ असतात, इथं कोळसा. मला ते आवडलं. निदान खोटं नव्हतं.

बंदराच्या आत चालत फिरू देत नाहीत, बसनं फाटकापर्यंत सोडतात. बाहेर टॅक्सीवाले. गोव्यात पुण्यासारखं मोबाइलवर बोट दाबलं की दोन मिनिटांत गाडी, असं धरून चालू नये. टॅक्सीवाल्यांचे ठरलेले दर असतात, आणि थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्यावे लागतात. आमचा चालक पन्नाशीचा. भाच्यानं शेवटचा प्रयत्न म्हणून बागाचं विचारलं. त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बोट चुकतली," एवढंच म्हणाला. पौडात काच खाली करणाऱ्यांकडे मी कशी बघत असेन, ते मला तेव्हा समजलं.

पाऊण वाजता बोगमाळो. दोन्ही बाजूंना खडकाळ डोंगर, मध्ये अर्ध्या चंद्रासारखी वाळू, एका टोकाला एकच उंच हॉटेल, समोर पाण्यात बेटं. किनारा इतका लहान की या टोकाला वहिनी बसल्या आणि त्या टोकाला दादा गेला तरी त्याचं काय चाललंय ते वहिनींना दिसत होतं. त्यांना ते सोयीचं वाटलं. दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान दाबोळीला उतरायचं, त्यामुळे निवांत म्हणावं असं ठिकाण नाही. पण गर्दी नव्हती.

लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले, मध्ये पोहायची जागा. एकटा लाल झेंडा दिसला तर पाण्यात जायचं नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. एक जण उंच खुर्चीवर बसलेला, सारखी शिट्टी तोंडाजवळ. मी भाच्याला झेंड्यांबाहेर जाऊ दिलं नाही. त्याला राग आला. आमच्याकडे धरणाच्या पाण्यात, दऱ्यांतल्या कुंडांत बाहेरगावची पोरं बुडतात, तेव्हा काठावर उभं राहून त्यांच्या आईवडिलांना पाहिलेलं आहे. तिथं शिट्टी नसते.

ओहोटीनं उघडी पडलेली ओली वाळू मी बराच वेळ बघत बसले. तिच्यावर मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या. हजारो. नीट पाहिलं तर मध्ये काडी जाईल एवढं बीळ आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या ओळी, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. हलायचं नाही, तर नखाएवढा खेकडा वर येतो. वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेली गोळी मागं टाकतो. पुन्हा घास, पुन्हा गोळी. माझी सावली सरकली की नाहीसा. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, हा तर सारखा लाडूच वळतोय." भरती आली की सगळे लाडू पुसले जाणार आणि उद्या ओहोटीला हा परत बसणार.

जेवण एका शॅकमध्ये. तिसऱ्यांचं सुकं, तळलेला बांगडा, सोलकढी. बांगडा उत्तम, सोलकढी पातळ. वहिनींनी एक वाण शॅकच्या मालकिणीला दिलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग कपाळ पुढं केलं.

पावणेचारला निघालो, कारण दादाला वाटेतलं नौदलाचं विमान संग्रहालय बघायचं होतं. पठारावर उघड्यावर विमानं उभी आहेत, पूर्वी विक्रांतवरून उडणारं सीहॉकसुद्धा. तिकीट काढायला पर्स उघडली आणि कार्ड नव्हतं. आठवलं. भाजीवर मीठ घालताना टेबलावर काढून ठेवलेलं, मिठाच्या बाटलीखाली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. चालकानं काही न बोलता गाडी वळवली. खाली पोहोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शॅकच्या मुलानं ते गल्ल्यात ठेवलेलं होतं. सीहॉक राहिलं, दादा अजून रुसलेला आहे. पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही बंदराच्या फाटकात होतो. हेच मी कळंगुटला विसरले असते तर, यावर बोटीत कुणी बोललं नाही, पण यांनी माझ्या गळ्यात कार्डाची दोरी स्वतः अडकवली.

सव्वापाचला शेजारच्या टेबलावरचं कुटुंब धावत आलं. पूल ओलांडताना अडकले होते म्हणे. कळंगुटला वीस मिनिटं मिळाली, भजी गाडीतच खाल्ली. त्यांच्या मुलीचे केस कोरडे होते.

नवमी, पौड

सकाळी मुंबई, दुपारी चांदणी चौकातून पौड रस्ता. जमीन अजून हलतेय. भाच्यानं फोटो पाठवले, त्यात बागा नाही म्हणून त्याच्या मित्रांनी चिडवलं. त्यानं उत्तरादाखल खेकड्याचा फोटो पाठवला.

मुरगावला बोटीतून उतरणाऱ्यांसाठी माझं मत लिहून ठेवते. सहा तासांत बोगमाळो किंवा फार तर वेळसांव-आरोशी. आठ तास असतील तर कोलवा. कळंगुटला मुक्कामानं जावं. कार्ड गळ्यात.

उद्या दशमी, म्हणजे साडेसातला भरती. पौडात तिचा उपयोग नाही, पण भाच्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं पुढच्या पंधरा दिवसांच्या वेळा मांडल्या आहेत.